झटका मशीन

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागं, टायरवाल्याच्या बाजूला
माझं टेबल. नवरगावचे दामाजी गहाणे
मशीन ठेवून म्हणतात, "तार असूनबी
डुक्करं धानात घुसून राह्यले, पोरी."

चिपच्या पायांना सहा वायरी.
काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करायची,
हळू, देवनागरीत पत्ता लिहावा तशी.
फ्यूजचं एक अक्षर चुकलं की चिप मुकी होते;
अशा तीन मुक्या खोबरेलच्या झाकणात ठेवल्यात,
फेकवत नाहीत.

आधी पुसायचं.
पुसल्यावर शून्य उरत असेल, वाटायचं.
नाही. सगळीकडे एक, एक, एक.
लिहायचं म्हणजे त्यातले नेमके विझवायचे.

साठ टक्क्यांवर लाइन गेली.
लॅपटॉपची बॅटरी दिवाळीपासून मेलेली.
"झालं का?"
"पहिल्यापासून."
त्यांनी खर्रा घोटला. टायरवाल्यानं रेडिओला शिव्या दिल्या.

लाइन आली. पुन्हा पुसलं, लिहिलं,
मग लिहिलेलं परत वाचून घेतलं, बाइट न् बाइट.
सेकंदाला एकच ठोका, मधे मोकळा वेळ:
तार धरलेला हात सुटावा एवढा.
रात्री बांधावर डुक्करंच येतात असं नाही.

दामाजींनी गवताची ओली काडी तारेला टेकवली.
बोटं दचकली.
"हाय," म्हणाले,
आणि काडी पुन्हा टेकवली.