फट

बांबोळीच्या तळमजल्यावर मी गुडघ्यांचे फोटो काढतो,
बावीस वर्षं.
फोटोत हाड दिसतं. कूर्चा दिसत नाही.
ती असते तिथे नुसती काळी फट,
आणि फट अरुंद झाली की आम्ही म्हणतो, झिजली.
न दिसणाऱ्यावर आळ घालणं सोपं.

मंगळवारी दिवाडीचा आनाक्लेत आला,
खाजनाच्या बांधावर जन्म गेलेला,
मानशीचा राखणदार.
मानस म्हणजे खाडीच्या तोंडाशी लाकडी दार,
भरती आली की आपसूक मिटणारं.
उजवा पाय टेबलावर चढवताना
दोन्ही हातांनी उचलला त्यानं,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

फिल्म उजेडाला धरली. काय फुटलं? त्यानं विचारलं.
मी पाठ असलेलं बोललो : गादी झिजली.
तो हसला.
"बाबा, बांध कधी एकाच जागी फुटतो?
शेत खारं झालं की लोक म्हणतात चिखल वाहून गेला.
चिखल बिचारा शेवटी जातो.
आधी कुर्ल्या बिळं पाडतात,
मानशीची फळी फुगते,
बाहेरचा जांभा दगड दगड सरकतो,
आणि बांधावरून फेरी मारणारे
गोव्यात राहत नाहीत."

ओपीडी संपल्यावर फिल्म पुन्हा पाहिली.
हाडाच्या कडेला उगवलेले काटे,
रातोरात घाईनं रचलेल्या दगडांसारखे.
फटीखालचं हाड पांढरं, कडक,
धक्का गिळायचं विसरलेलं.
बाकीचं माझ्या यंत्राच्या नजरेबाहेर :
सांध्याचं अस्तर, सुजून पाणी सोडणारं,
दोन चंद्रकोरी गाद्या,
त्यांतली एक बहुधा तो तरुणपणी शेवाळावर घसरला तेव्हाच चिरलेली,
सैल पडलेले बंध,
ओसरत गेलेली मांडी.

सुरुवात कुणी केली?
एक ढळतं, दुसरं सावरायला धावतं,
सावरता सावरता तेच वाकडं होतं.

आणि कूर्चा?
तिला रक्त नाही, नस नाही.
ती जाते आणि दुखतं शेजाऱ्यांना.
कागदावर मात्र नाव तिचंच.

जाताना त्यानं विचारलं होतं, फट भरते का?
डॉक्टरांना विचारा, मी म्हटलं.
विचारायला तो थांबला नाही.
भिंतीवरच्या घड्याळात आता पावणेपाच.
दिवाडीला भरती लागली असेल,
मानस मिटली असेल,
जेवढी मिटते तेवढी.