घोट्यापर्यंत

अंबडला, तिसऱ्या मजल्यावर, खडखडणाऱ्या पंख्याखाली
मी द्राक्षांच्या वजनांचा प्रोग्रॅम सांभाळते.
द्राक्षं मला दिसत नाहीत. ओळी दिसतात.
पिंपळगावच्या शेडमधला काटा
आकडा पाठवतो अवतरणचिन्हांत गुंडाळून,
थंडीत शाळेला निघालेल्या पोरासारखा, मफलरसकट.
आणि चालत्या प्रोग्रॅमवर बसवलेला पहारेकरी
दर पेटीला ओरडतो:
अपेक्षा संख्येची होती. मिळाली अक्षरं.
दिवसाला चार हजार पेट्या.

पहिल्याच आठवड्यात मी अख्ख्या फाइलचं
तोंड बंद केलं.
छान शांतता होती.
त्या शांततेतून एका ट्रकचं वजन
‘अनडिफाइन्ड’ होऊन थेट पावतीवर छापलं गेलं.

अहिरराव चिडला नाही.
त्याच्या घरचं दुकान भांडी बाजारात.
म्हणाला, आम्ही पूर मोजतो दुतोंड्या मारुतीवर.
घोटे बुडाले, तर वडील हातातलं गिऱ्हाईक सोडत नाहीत.
गुडघ्याला लागलं, की चहा मागवतात.
कंबरेला आलं, की पातेली माळ्यावर.
पण घोट्यालाच आहे म्हणून
मारुतीकडे बघायचं कुणी थांबत नाही.

मग खुर्ची ओढून शेजारी बसला.
एकच ओळ गप्प कर. तीही याच तक्रारीपुरती.
कारण लिही. तारीख लिही.
आणि पहारेकऱ्याला सांगून ठेव,
ज्या दिवशी ही तक्रार येणार नाही
त्या दिवशी मला उठव.
वरची टीप त्यानेच टाइप केली:
काटा जुना आहे, अक्षरं येणारच. अहिरराव.

तो आता दुकानात बसतो, पितळ किलोवर विकतो.

काल सकाळी पडद्यावर लाल ओळ:
अपेक्षित इशारा आला नाही.
शेडला फोन लावला. रंजना पगार म्हणाली,
अहो, नवीन काटा बसवला ना!
संख्या आली होती. सोललेली, स्वच्छ.
मी ओळ पुसली, कारण पुसलं, तारीख पुसली,
नावापाशी बोट जरा रेंगाळलं.

दुपारी पहारेकरी पुन्हा ओरडला. एकदाच.
अपेक्षा संख्येची. मिळालं: “३.४०”.
रंजनाने फोटो धाडला:
कोपऱ्यात जुना काटा, वायर अजून जोडलेली,
वर मांजर, पोट वर करून झोपलेलं.

तोच फोटो मी अहिररावला पाठवला.
बऱ्याच वेळाने उत्तर आलं, एकच शब्द:
घोट्यापर्यंत.