चौदा किलो

पोतीच्या बंदरात उतरतात मोटारी,
अमेरिकेत कुठेतरी आपटलेल्या,
विम्याने ओवाळून टाकलेल्या.
कंटेनरचं दार उघडलं की आधी वास येतो ओल्या गाद्यांचा,
मग दिसतात टायर.
चारातले दोन तरी बसलेलेच.

बसलेलं चाक म्हणजे हट्टी पाहुणा.
सहा माणसं लावून ढकललं
तर रिम खडीत रुतते, करवादते,
आणि गुराम ज्या शिव्या देतो
त्या मी इथे लिहीत नाही.

बाबा म्हणाले, त्याला उठवायचं कशाला?
बसल्या जागेवरून कडेवर घ्यायचं.

चहाच्या बंद कारखान्यातून
पट्ट्याखालचे रूळ आणले.
चहा जाऊन तीस वर्षं झाली होती,
बेअरिंगमध्ये तरीही हिरवट भुकटी.
एक रूळ चाकाच्या पुढे, एक मागे,
पायाने दाबायचा दांडा, दातेरी पट्टी,
टक्, टक्, टक्,
रूळ जवळ येतात,
चिमटलेला टायर नाइलाजाने चढतो वर,
जमिनीपासून तीन बोटं.
खाली चार भिंगऱ्या,
वाटेल त्या दिशेला फिरणाऱ्या.
अशी चार यंत्रं, चार चाकांना.

मी विजेरी धरायचे.
‘उजेड माझ्या हातावर नको, कामावर धर.’
मला दोन्ही एकच वाटायचं.

पहिल्या दिवशी मोटार निघाली.
पुढे नव्हे, मागे नव्हे,
खेकड्यासारखी आडवी.
अंगणाला उतार आहे हे आम्हांला ठाऊक नव्हतं,
तिला होतं.
गटारात नाक खुपसून थांबली,
बेडूक तेवढ्यापुरते गप्प झाले.
मागच्या सीटवर कुणाच्या तरी बाळाची खुर्ची,
पट्टा लावलेलाच.
बाबा बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिले.
दुसऱ्या दिवशी प्रत्येक यंत्राला ब्रेक बसला.

आता एकेकाचं वजन एकतीस किलो.
बाबा उचलायचे, आणि रात्री कंबर शेकायचे.
मला उचलेना. मी बोलले नाही.
त्यांनी पाहिलं असावं,
कारण वहीत मापांच्या खाली एक ओळ आली:
‘लामझिरा उचलेल तेवढं.’

मग ते भोकं पाडत बसले.
पाट्यांना भोकं, दांड्याला भोकं.
‘वार्लाम, यंत्र करतोयस की चाळण?’ गुराम विचारायचा.
तेरा किलोला ते वाकलं.
चौदाला थांबले.

पहिलं गिऱ्हाईक बंदरातलं नव्हतं.
नदीपलीकडची त्सिआला,
तिच्या नवऱ्याची जुनी व्होल्गा,
सात वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर,
चारही टायर बसलेले.
‘दुरुस्त करायची?’
‘नको.’
‘विकायची?’
‘नको गं. त्या भिंतीकडे सरकव फक्त.
भांडी घासताना मान वर केली की तीच दिसते.’

मी एकटीच गेले.
दोन यंत्रं बसच्या मागच्या बाकाखाली,
मग परत जाऊन दोन.
ड्रायव्हरने दोन्ही खेपांना सामानाचे पैसे घेतले.
टक्, टक्.
चौथ्या चाकाला सोडताना सिमेंटने
जुनं फडकं फाटावं तसा आवाज केला.
मी खांदा लावला.
एका हातात विजेरी होती, उगाच,
भर दुपारी.

‘अजून थोडी,’ खिडकीतून ती म्हणाली.
‘अजून.’
‘नाही, आता माझं अंजिराचं झाड दडलं, मागे घे.’
आडवी, उभी, तिरकी,
सांगेल तशी व्होल्गा फिरत होती,
आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकत असावी.
‘बस. पुरे.’

मोकळ्या झालेल्या जागेत
चार काळे ठसे
आणि एक चमचा.
तिने बाहेर येऊन तो उचलला,
आत नेऊन घासला,
बाकीच्या चमच्यांत ठेवला,
आणि खिडकीतूनच विचारलं, किती द्यायचे?

मी आकडा सांगणार,
एवढ्यात आठवलं,
ब्रेक लावलेलेच नाहीत.
पळाले.