दुसरी बाजू, तिसरं गाणं

कालिहीत, टायरवाल्याच्या शेजारी माझं दुकान.
वडील इथं रेडिओ दुरुस्त करायचे,
मी जुन्या तबकड्या विकतो.
विकतो म्हणजे, बहुतेक पुसतो
आणि परत जागेवर ठेवतो.

ही आयोवाहून आलेल्या खोक्यात होती.
कुणी गेलं असेल, मुलांनी घर रिकामं केलं असेल.
कव्हरवर इतका निळा समुद्र
की आम्ही इथंच जन्मून कधी पाहिला नाही.
पांढऱ्या कोटातला डॅनी पाम, गळ्यात फुलांचा हार,
आणि कडेला हॉटेलच्या खुर्चीचं टोक,
कापायचं राहून गेलेलं.
मागच्या बाजूला बॉलपेननं लिहिलंय:
"बेव्हर्ली आणि मी. नववी रात्र. तिला चंद्र आवडला."

डॅनीचं खरं नाव दानिएला काउपू.
आडनावातला माड कंपनीनं लावला.
दिवसा तो कारखान्यात अननसाचे डबे रचायचा,
रात्री आठला केसांना आणि आवाजाला तेल लावून
परक्या बायकांना
त्यांच्याच नवऱ्यांच्या प्रेमात पाडायचा.

हे मला लुकिया काहानूनं सांगितलं.
दर गुरुवारी येते, डायलिसिस आटोपून,
दंडाला पट्टी, हातात मलासादांची तेलकट पुडी.
विकत काही घेत नाही.
"ते लाव," म्हणते.

सुई टेकते.
आधी कढईत काहीतरी सोडल्यासारखी चरचर,
मग स्टील गिटार.
एक सूर दुसऱ्याकडे चालत जात नाही,
शेवाळलेल्या दगडावरून पोर घसरावं तसा जातो
आणि पडता पडता हसतो.
तो हात एनोकाचा, तिच्या नवऱ्याचा.
कव्हरवर त्याचं नाव नाही.
"डॅनी पाम आणि साथीदार" असं आहे,
त्या "आणि"च्या पलीकडे ते चौघं दाटीवाटीनं बसलेत:
एनोका, बासवाला,
युकुलेली वाजवणारे दोघे भाऊ.
चौघांत मिळून चाळीस डॉलर. शिवाय सँडविच.

मला वाटायचं, ती गिटारसाठी येते.
म्हणून तिथं मी आवाज वाढवायचो.
एकदा तिनं हात वर केला. थांब.
डॅनी कुठल्याशा बोटीला निरोप देत होता,
ओळ संपवून त्यानं श्वास घेतला
आणि तेवढ्यात, त्या श्वासाच्या फटीत,
कुर्र.

"हे," लुकिया म्हणाली.
"डावा गुडघा. बसून बसून धरायचा.
मग असा पाय ताणायचा, खुर्ची करकरवायचा,
जेवताना, चर्चमध्ये,
माझ्या बहिणीच्या लग्नात.
किती ओरडलेय मी."

मधे कंपनीनं हीच गाणी धुऊन-पुसून पुन्हा काढली.
नातवानं कौतुकानं फोनवर लावून दिली तिला.
स्वच्छ. कव्हरवरच्या समुद्रासारखी.
श्वास होता,
खुर्ची नव्हती.
"छान आहे," म्हणाली त्याला.
पोराचं मन कशाला मोडा.

मला मात्र हल्ली बेव्हर्लीच आठवते,
जिला मी कधी पाहिलं नाही.
आयोवात बर्फ पडत असेल, नवरा कामावर,
तिनं चंद्र आठवायला हे गाणं लावलं असेल,
आणि दर वेळी त्याच जागी
मान वळवून पाहिलं असेल
की आपल्या घरात
हे कोण उठलं?

"पुन्हा लावू?" मी विचारतो.
"नको. झिजेल."
पुडी माझ्यापुढे सरकवते.
साखर काउंटरवर सांडते, तबकडीवर नाही,
तेवढं आम्ही दोघंही सांभाळतो.