पाण्यात पाय

गुरुवारपर्यंत घरात एकवीस माणसं झाली.
मिरजेहून नणंद, तिची तीन पोरं, त्यातलं एक अंगावर पिणारं,
हुबळीचे शमुवेलमामा, त्यांच्या पथ्याची वेगळी पिशवी,
आणि गोकाकहून, शेवटच्या लाल बसनं,
मोठी जाऊ. दानम्मा.

शिरीनबीनं कुंपणावरून चार गाद्या दिल्या,
विचारलं, "लग्न हाय काय गं?"
म्हटलं, "प्रार्थना-सप्ताह."
"मग भाकऱ्या तेवढ्याच की."

तेवढ्याच. चर्चला जायच्या आधी एक चवड,
आल्यावर आणखी एक.
मधले दोन तास खुर्चीत बसायला मिळतं,
त्याबद्दलही देवाचे आभार.
पाळकसाहेब मराठीत एक वाक्य सांगतात,
बसप्पा मास्तर ते कानडीत नेतात,
नेता नेता जरा लांबच्या रस्त्यानं नेतात.
गाणं मात्र दोन्ही भाषांत एकदमच,
ज्याला जी येते ती,
शेवटच्या ओळीला सगळे साधारण एका वेळी पोचतो.

शुक्रवारी कॅलेंडरवर सासऱ्यांचं अक्षर:
सूर्यास्त सहा बारा.
पोरं गच्चीवर पहाऱ्याला.
"बुडाला का?"
"अजून नखाएवढा हाय!"
त्या नखात मी दोन कुकर उतरवले,
एकाचं डोकं विंचरलं, गॅस बंद केला.

तेवढ्यात वखारींकडून वारा आला, तंबाखूचा.
सासूबाईंनी विड्यांचं सूप, हजाराचा हिशेब
आणि शनिवारचा रोज एकाच दिवशी सोडला होता.
निपाणीनं सोडला नाही.
वास येतो अजून, नेमानं,
आम्ही शब्बाथासाठी डोळे मिटले की.

दानम्मा आणि मी तीन वर्षं
पोरांमार्फत बोलतो.
"काकूला विचार, मीठ घातलंय का."
"आईला सांग, घातलंय."
सासूबाईंच्या मातीच्या दिवशी, भरल्या घरात, मी म्हटलं होतं:
बाप्तिस्म्याला जोडवी काढलीस खरी,
पेटीत मात्र ठेवलीस की.
खोटं नव्हतं.
म्हणून तर मिटलं नाही.

शनिवारी, प्रभुभोजनाच्या आधी,
बाया मागच्या खोलीत जातात, पाय धुवायला.
जोड्या लागतात शाळेतल्यासारख्या,
आवडती आवडतीकडे सरकते
आणि नको ती उरते.
मी टॉवेल घेऊन उभी.
समोर ती, निळं प्लास्टिकचं घमेलं घेऊन.

आधी तीच वाकली.
"बिसी ऐतेन?" पाणी गरम आहे का,
थेट मला. मध्ये पोर नव्हतं.
"बरं हाय," म्हटलं.

मग माझी पाळी.
टाचेला भेगा, घोट्यावर डास चावलेला,
माझ्याच घरातला.
आणि अंगठ्याशेजारच्या बोटावर,
बावीस वर्षांनंतरही,
एक फिकट वळं.
कातडीला कुणी कळवलंच नव्हतं.
मी तिथं थांबले. जरा जास्तच.

"नम्म अव्वंदु," ती म्हणाली.
मग मराठीत, सावकाश, "आईची हाईत ती.
त्या दिवशी नदीवर आली नाही ना ती."

इथं एक प्रार्थना करायची असते.
मला काही सुचेना.
पाय पुसला,
बोटांच्या मधनंसुद्धा, पोरांचे पुसतो तसा.

रविवारी स्टँडवर तिला सोडायला मीच गेले.
पिशवीत भडंग, खिडकीशी जागा.
ड्रायव्हर चढला तशी ती बाहेर वाकली,
"तुझ्या आमटीत मीठ कमी होतं. आठवडाभर."
"मग सांगायचं की!"
"सांगितलं की आता."

बस गेली.
घरी गाद्यांचा ढीग, एकवीस माणसांचे तांबे,
तळाशी उरलेली आमटी.
बोट बुडवून चाखली.
खोटं नव्हतं.