मीटरवरचे तास

शारजा, अल सजा. यार्डात सकाळी सहाला पोचलो.
ऊन अजून कुंपणापलीकडे होतं.
मशीन बघावं तर इंजिन थंड असताना,
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
एकोणीस वर्षं रोज पहाटे थंडच सुरू केलंय,
दुसऱ्याचं.

नूरवली चहा घेऊन आला.
म्हणाला, पोकलेन असं मिळायचं नाही,
एकच मालक, सहा हजार चारशे बारा तास.
मी चहा घेतला. तासांचं काही बोललो नाही.

बॉनेटवर हात ठेवला. कोमट.
म्हणजे मी यायच्या आधी कुणीतरी
त्याला खोकून घेऊ दिलं होतं.

आमच्या वेसवीत बैल घेताना दात मोजतात.
मी बकेटचे मोजले. पाच.
चार झिजून बोथट, एक नवाकोरा,
हसताना लपवायचा राहून गेलेला.

बाबांनी बाणकोटात जुनी होडी घेतली तेव्हा
रंगाकडे बघितलंच नव्हतं.
बोटाच्या पेरांनी फळी फळी ठोकत गेले, कान लावून,
आणि एका जागी थांबून
नुसते मालकाकडे बघत राहिले.
मी बूमवर चढलो, खिशातलं दिरहमचं नाणं काढलं.
टण. टण. टण.
मधल्या सांध्याखाली एकदम ठप.
वेल्डिंगवर पुट्टी, पुट्टीवर पिवळा.
खाली बघितलं.
नूरवली फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता.

मग केबिनमध्ये बसलो.
उजव्या पेडलचं रबर बऱ्यापैकी होतं,
डाव्याचं नव्हतंच,
आतलं लोखंड चाटूपुसून ठेवल्यासारखं.
सीटच्या फाटल्या काठाला लुंगीचं ठिगळ,
गोणी शिवतात तशा जाड टाक्यांनी.
छताच्या पत्र्यावर मार्करने उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या,
आणि एक मोबाइल नंबर, शेजारी तेलुगूत काहीतरी.
दिवस असतील. ट्रिपा असतील. थकलेले पगार असतील.
मीही मोजायचो असे,
तो पत्रा आता कुठल्या भंगारात आहे कोण जाणे.

सहा हजार तासांत एवढं लोखंड खाऊन होत नाही.
वीस हजार, कमीत कमी.
मीटर मागे फिरवता येतं,
त्या माणसाचा गुडघा थोडाच फिरतो.

एक लाख अठ्ठावीस, नूरवली म्हणाला.
पुट्टीचे दहा, मीटरचे दहा, मी म्हणालो,
कोमट बॉनेटचे तीन.
तो पहिल्यांदा खरं हसला.
ऑपरेटर आहेस होय! आधी सांगायचंस,
रंगाचा खर्च वाचला असता.

एक लाख सातवर हात मिळवला.
त्यातले अकरा हजार सकीनाच्या भावाचे,
बाकी सगळे माझ्या पाठीच्या कण्यातले.

कागद भरताना शशीधरनने विचारलं, मालक?
मुकादम, मी म्हणालो.
नाव झालं हो लिहून, हुद्दा सांगा.
काय सांगणार.
आडनाव मुकादम, आणि हाताखाली आजवर
फक्त दोन लिव्हर.
त्यानेच मग लिहिलं. अक्षर बरं होतं त्याचं.

सकीनाला फोन केला. रंग कोणता, तिने विचारलं.
पिवळा.
हं. आणि आतून?

संध्याकाळी लोबेडवर साखळ्या आवळून झाल्या,
तेव्हा छतावरचा तो नंबर लावला.
का, ते मलाही नीट माहीत नाही.
चौथ्या वेळी उचलला.
मागे कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी भांडी घासत होतं.
मी नाव सांगितलं नाही,
मशीनच्या नंबरातले शेवटचे चार आकडे सांगितले.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग मोडक्या हिंदीत, हळू,
घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं:
तापलं की डावीकडे ओढतं.
पाय देत राहा.
शिव्या नको देऊस त्याला.