सांधा

कॅप चिपळूणला बसवली, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात,
खालची डावी, शेवटून दुसरी.
डॉक्टर म्हणाले, आता हा दात किडायचा नाही,
फक्त कडेने नीट…
पुढचं मी ऐकलंच नसणार.
तिकीट, कोकमाच्या बाटल्या, आईच्या गोळ्या,
माणूस किती लक्षात ठेवतो.

सोहारला आल्यावर दीड वर्ष
त्या दाताला मी पाहुण्यासारखं वागवलं.
वरून ब्रश फिरवायचा, लांबून नमस्कार केल्यासारखा,
आणि पुढे जायचं.

मग एका पहाटे बेसिनमध्ये लाल.
मग सफरचंदावर.
मग उशीवर, जरासंच.
बेहेरा म्हणाला, लवंग धर,
मिठाच्या गुळण्या कर, समुद्र काय कमी आहे इथे?
केल्या. हिरडी फुगलेलीच राहिली,
घट्ट अंगठीभोवती मांस चढतं तशी.

क्लिनिकमध्ये झुवैना अल बलूशी.
डॉक्टर नव्हे, दात साफ करणारी.
तिची हिंदी आजीकडून आलेली,
माझी कॅम्पातून; दोघांचं मिळून भागलं.
खुणांची बारीक सळई हिरडीत घालून
ती आकडे सांगत गेली: तीन, तीन, पाच, पाच,
आणि दुसरी एक मुलगी लिहीत गेली.
आमचा शिफ्टचा लॉग आठवला मला.

साचलेलं खरवडून काढलं आधी.
आमच्या प्लांटवर त्याला स्केल म्हणतात,
तिच्याकडेही स्केलच.
मग आरसा हातात दिला.
कॅपला काही होत नाही, मिस्टर तांडेल.
पण ती जिथे संपते आणि तुम्ही जिथे सुरू होता,
तिथे कोण जातं?

आता हे मला विचारावं!
अकरा वर्षं मी समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
फ्लँज उघडतो, गॅस्केट काढतो.
पाइप मधोमध सहसा सडत नाही.
सडतो तो जोडावर, गॅस्केटच्या ओठाखाली,
जिथे चमचाभर खारं पाणी
हलत नाही, वाहत नाही, नुसतं बसून राहतं.
नव्या पोरांना मीच सांगतो,
चकाकतंय तिथे पुसत बसू नका,
बोट जात नाही तिथे बघा.

आणि माझ्याच तोंडात
दीड वर्ष तेच पाणी.

तिने ब्रश तिरपा धरायला लावला,
अर्धा दातावर, अर्धा हिरडीवर,
जोर नाही, घासणं नाही, नुसती थरथर,
तापातल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तशी.
मग तारेचा इवलासा ब्रश, गुलाबी दांड्याचा,
दोन दातांच्या फटीत, आत, बाहेर.
मग दोरा. कॅपच्या गळ्याला मिठी मारून
हळू खाली उतरायचं,
हिरडी नको म्हणते तिथे थांबायचं.
रक्त येईल, म्हणाली, काही दिवस येईलच.
रक्त येतं म्हणून थांबू नका.
थांबला होतात म्हणून ते येतंय.

रात्री दहाला बेसिनपाशी मी.
ऑगस्टात इथे थंड नळालाही कढत पाणी.
व्हिडिओ कॉलवर शकुन, मोबाइल साबणाला टेकवलेला.
अहो, दात कोरून पोट भरतं का कुणाचं?
नाही भरत.
पोट भरायलाच तर आलोय इथे,
पण चावायचं कशाने, तेवढं बघतोय.
ती हसली. मग म्हणाली, जरा जवळ या,
दाखवा तरी.
मी तोंड उघडलं. नेट गेलं.

चौथ्या दिवशी रक्त. सहाव्या दिवशी रक्त.
नवव्या दिवशी दोरा फिकट गुलाबी.
मधे दोन दिवस डबल शिफ्ट,
केलंच नाही, खोटं कशाला बोला.
मग कितव्या रात्री कुणास ठाऊक,
दोरा बाहेर आला तो पांढरा.

ट्यूबखाली धरला. उलटापालटा केला.
बेहेराला हाक मारली.
तो खाटेवरून उठून आला, चष्मा शोधून लावला,
बराच वेळ बघितलं.
म्हणाला, यात तर काहीच नाही.

हो, म्हटलं. तेच.